बनाबाईची किटली आणि लाल चहा

मी एक जुनी किटली आहे. जर्मनची. मित्रांनो, जर्मनी या देशाशी माझा काडीचाही संबंध नाही. आमच्या भागात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, एवढंच. मुंबईच्या एका कारखान्यात पत्र्यावर हातोडे बसले आणि मला पोट आलं, तोटी आली, कान आला. मग दौंडहून छोट्या गाडीने हलत-डुलत मी बारामतीला उतरले. बाजारात भांडीवाल्याने मला दोरीला उलटं टांगलं होतं. सांगवीच्या बनाबाईने मला खाली उतरवलं, आत फुंकर मारून पाहिली आणि म्हणाली, "हीच द्या. हिचं त्वांड सरळ हाय." माझी कुणी केलेली ती पहिली स्तुती.

बनाबाईचं चहाचं छप्पर सांगवीत एस.टी. थांबते तिथे होतं. एस.टी. नुकतीच सुरू झाली होती आणि तिच्या वेळांचा कुणालाच भरवसा नव्हता. त्यामुळे आमचा धंदा उत्तम चालायचा. दिवसभर मी चुलीवर बसायची. सरपंच मोहनराव माझे सगळ्यात निष्ठावंत गिऱ्हाईक. ते सकाळी चहाला यायचे आणि दुपारी, सकाळचा चहा कसा झाला होता ते सांगायला यायचे.

बनाबाईला एकच मुलगा, संभाजी. नवरा लवकर गेला. पोराला तिने तालमीत घातलं आणि चहाच्या कमाईतून त्याला दूध, तूप, बदाम चारले. पोरगा असा फुगला की दारातून आत येताना तिरका व्हायचा. आणि या पोराने आईच्या हातचा चहा जन्मात कधी चाखला नव्हता! कारण तालमीचे वस्ताद गेणबा.

वस्ताद म्हणजे चहाचे हाडवैरी. तरुणपणी एका जत्रेत ते चितपट झाले होते आणि त्या दिवशी सकाळी नेमका त्यांनी चहा घेतला होता. दोष स्वतःच्या मांडीला देण्यापेक्षा चहाला देणं सोपं गेलं. तेव्हापासून तालमीत शिरणाऱ्या प्रत्येक पोराला मारुतीपुढे शपथ घ्यावी लागायची की चहाला तोंड लावणार नाही. आमच्या छपरासमोरून जाताना वस्ताद माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की मी उकळता उकळता गार पडायची.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्या वर्षी चैत्रातल्या जत्रेत संभाजीच्या कुस्तीची जोड इंदापूरच्या जयवंताशी ठरली. जयवंता म्हणजे मोठं नाव. बनाबाईने ही बातमी एस.टी.तल्या प्रत्येक उतारूला, कंडक्टरला आणि दोनदा ड्रायव्हरलाही सांगितली. आणि ऐन जत्रेच्या तोंडावर संभाजीच्या मानेवर आणि दंडावर लाल चट्टे उठले. शेजाऱ्याच्या गुऱ्हाळासाठी तो उघड्या अंगाने ऊस तोडायला गेला होता. उसाची कुसं लागली की अंग खाजतंच. याने ते खाजवलं, आणि पैलवानाच्या हाताने खाजवल्यावर काय उरणार!

वस्तादांनी त्याला तालमीच्या दारातच अडवलं.

"गजकर्ण हाय ह्ये. मातीला लागंल, मातीतनं समद्या पोरास्नी लागंल. अंग साफ हुईस्तवर आखाड्यात पाय टाकायचा न्हाय."

"वस्ताद, उसाची खाज हाय."

"जत्रंच्या सकाळी म्या सोता बघनार. चट्टा दिसला तर जोड मोडली."

नियम बरोबरच होता, मित्रांनो. तालमीच्या मातीत दहा जणांची अंगं घासतात. पण बनाबाई त्या दिवशी चहात साखर घालायला विसरली, आणि मोहनराव तो तसाच मुकाट्याने प्यायले, यावरून प्रसंग किती बाका होता ते ओळखा.

मग गावाने उपाय सुरू केले. शेजारची धोंडाबाई टाकळ्याचा पाला वाटून घेऊन आली. मोहनरावांनी खोबरेलात गंधक कालवून दिलं. कुणी तंबाखूचं पाणी सांगितलं, कुणी गोमूत्र. भिगवणहून आलेल्या एका पाहुण्याने माशाचं तेल आणलं. संभाजी सगळं लावून घ्यायचा. पोरगा आज्ञाधारक होता, तेच त्याला नडलं. चार दिवसांत चट्टे वाढले, कातडी भाजल्यासारखी झाली आणि त्याच्या अंगाचा असा वास सुटला की एस.टी. आमच्यापाशी थांबेनाशी झाली.

बनाबाई चहापत्ती आणायला बारामतीला गेली ती डोळे पुसतच. पेठेतल्या झुंबरशेठच्या दुकानात तिने सगळं सांगितलं. शेठची बहीण आफ्रिकेत दिलेली. ती नुकतीच माहेरी येऊन गेली होती आणि जाताना एक पत्र्याचा डबा ठेवून गेली होती.

शेठ म्हणाले, "बनाबाई, हा घेऊन जा. तिकडचा लाल चहा आहे. रुईबॉस म्हणतात त्याला."

रुई म्हटल्यावर बनाबाईला बांधावरची चिकाची रुई आठवली आणि ती मागे सरकली.

"अहो, ती रुई नव्हे. झुडूप असतं तिकडं. रंग चहाचा, पण चहाची तरतरी अजिबात नाही. आम्हाला काय उपयोग? बहीण म्हणत होती, पोट शांत राहतं, झोप चांगली लागते. लेकराच्या अंगावर घामोळं आलं की तिची सासू ह्याच्याच गार पाण्यानं अंग पुसते. आग थांबते म्हणे."

असा तो लाल चहा माझ्या पोटात आला. मी आजवर पुष्कळ पत्ती उकळली, पण हा रंग वेगळाच होता. वीट भिजल्यावर दिसते तसा. वासही गोडसर, वाळल्या गवताचा. बनाबाईने तो उकळला, गाळला, पार गार केला. मग संभाजीच्या अंगावरचे सगळे लेप धुऊन काढले आणि मऊ फडकं त्या पाण्यात भिजवून चट्ट्यांवर ठेवलं.

"कसं वाटतंय रं?"

"गार वाटतंय, आये."

"वाईच पिऊन बी बघ. पोटातनं बी गुन येतोय म्हनं."

संभाजीने तोंड मिटून घेतलं. शपथ म्हणजे शपथ. बाहेरून लावा, आत नाही.

बनाबाईने त्या दिवसापासून छपराच्या दाराशी काठी ठेवली. कुणी पाला नाहीतर तेल घेऊन आलं की ती काठी उचलायची. चट्ट्यांची आग कमी झाली, संभाजीचं खाजवणं थांबलं. आणि तेवढ्यात वस्तादांच्या कानावर गेलं, की पैलवान चहाने अंघोळ करतो!

मारुतीपुढे घेतलेली शपथ मोडली का? निवाड्याला सगळी तालीम बसली. बोलावणं आलं ते थेट मला. बाईमाणसाला तालमीत जाता येत नसे, म्हणून बनाबाई बाहेर लिंबाखाली उभी राहिली आणि मोहनराव मला दोन्ही हातांनी धरून आत घेऊन गेले. मित्रांनो, तालमीत पाय ठेवलेली मी पहिलीच किटली. मला पाय नाहीत, पण तुम्हाला समजलं असेल.

वस्ताद गरजले, "ह्यो च्याच हाय. रंग बघा."

मोहनराव म्हणाले, "रंगावरनं कसं ठरवायचं, वस्ताद? पिल्याबिगर कसं कळंल?"

"मग तुमी प्या."

"माझी जीभ च्यानं बाटलेली. माझी साक्ष कोन धरनार? पोरं शपथंत अडाकलेली. च्या कसा लागतो ह्ये ठावं असून ज्यानं सोडला, असा मानूस एकच हाय हितं."

सगळ्यांच्या माना वस्तादांकडे वळल्या. वस्तादांनी मारुतीला हात जोडले, डोळे मिटले आणि कप तोंडाला लावला. 

"एका कपात कळत न्हाय," वस्ताद म्हणाले.

दुसरा झाला. तिसराही झाला. मग अंमल चढतो का ते बघायला ते भिंतीला टेकून बसले. कित्येक महिने त्यांना धड झोप नव्हती, छातीत जळजळायचं, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बघता बघता वस्ताद घोरायला लागले. पोरं हळू आवाजात जोर मारत राहिली. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा वस्ताद उठले आणि निवाडा झाला.

"च्यानं झोप उडती. ह्यानं आली. मंग ह्यो च्या न्हाय, काढा हाय. लावू द्या पोराला."

बनाबाईने लिंबाखालूनच मारुतीला दंडवत घातला. पण पुढे भलतंच झालं. दुसऱ्या दिवसापासून वस्तादांचा तांब्या येऊ लागला. काढा पाठवा म्हणे! डबा एवढासा, आणि जत्रेपर्यंत पुरवायचा. पोराच्या मानेला लावायचा की वस्तादांच्या पोटात ओतायचा? बनाबाईने युक्ती काढली. पहिलं पाणी संभाजीला. तोच चोथा परत उकळून, परसातला गवती चहा टाकून, वस्तादांना. वस्ताद म्हणायचे, "आजचा काढा कालच्यापरीस जालीम हाय." मी तोटी मिटून गप्प बसायची.

जत्रेच्या सकाळी वस्तादांनी संभाजीला उन्हात उभं केलं. मानेवरून तळवा फिरवला, दंड वळवून पाहिले, पुन्हा मानेकडे आले. बनाबाईने माझा कान इतका घट्ट धरला होता की तो वाकला तो आजतागायत वाकडाच आहे.

"जा," वस्ताद म्हणाले. "माती लाव अंगाला."

आजही धोंडाबाई म्हणते, गुण टाकळ्याचा. मोहनराव म्हणतात, गंधकाचा. मला विचाराल तर सगळ्यांनी आपापले हात आवरले, हाच मोठा उपाय. लाल पाण्याने आग शांत केली, तेवढंच श्रेय मी घेईन. जास्त घेतलं तर माझ्या सरळ तोंडाला शोभणार नाही.

कुस्ती मी पाहिली नाही. जत्रेच्या कडेला बनाबाईने चूल मांडली होती, तिच्यावर मी होते. आम्ही फक्त आवाज ऐकत होतो. आधी जयवंताच्या नावाचा गजर, मग नुसती शांतता, आणि एकदम सगळी जत्रा ओरडली. चहाचं दूध उतू गेलं तरी बनाबाईला कळलं नाही.

मग गर्दी फाटली. डोक्याला जिंकल्याचा फेटा, अंगभर लाल माती, असा संभाजी आईसमोर आला, मागे वस्ताद आणि सगळी तालीम. त्याने तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि धापा टाकत म्हणाला, "आये, लई तहान लागली. काढा दे."

"काढा सपला की रं. ह्यात रोजचाच हाय, च्या."

संभाजीने माझ्याकडे पाहिलं. वस्तादांनीही पाहिलं. मग वस्तादांनी सावकाश पाठ फिरवली.

"मला वाईच देवळाचा कळस बघायचाय," ते म्हणाले. "एक घोट हुईस्तवर बघतो."

बनाबाईने कप भरला. संभाजीने जन्मात पहिल्यांदा आईच्या हातचा चहा तोंडाला लावला, आणि त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"आये! ह्ये पिऊन लोक वर पैसं देत्यात व्हय?"

वस्तादांची पाठ हलत होती. हसत होते ते. संभाजीने उरलेला कप आईच्या हातात दिला. "तूच घे. तू कवा घेतीस गं?"

 साऱ्या गावाला चहा पाजणाऱ्या त्या बाईला कुणी असं विचारलंच नव्हतं. ती चुलीपाशीच खाली बसली आणि बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तेव्हा मला किती आनंद झाला, ते मला सांगता येत नाही.

आता मी गळते. भेंडीचं बी ठेवायच्या कामी येते. मित्रांनो, मला राखेने हळू घासत जा. कुणाच्या अंगाला खाज सुटली तर दहा जणांचे दहा लेप लावू नका. आणि तुम्हाला चहा देणाऱ्या बाईकडे कप परत करताना तिला विचारा, तू घेतलास का?