बियाचे घर

"काकी, त्या कणसांस्नी दोरा बांधू नगा!" कृष्णात बांधावरून ओरडला, आणि उभ्या जोंधळ्यात शिरलेल्या बनाबाईने मान वर न करता पुढच्या धाटालाही दोरा बांधला.

साल अडुसष्टचे, दसरा तोंडावर आलेला. कागलच्या माळावरच्या त्या गावात बियाची कणसे निवडण्याचा मान बनाबाईच्या घराकडे होता. कापणीआधी पिकातून फिरायचे, भरदार, निरोगी कणीस हेरायचे, त्याला खुणेचा दोरा बांधायचा. ती कणसे बैलांच्या पायाखाली न घालता हाताने बडवायची आणि दाणे राखेत घोळून कणगीत ठेवायचे. पेरणीच्या वेळी सारे गाव सूप घेऊन तिच्या दारात येई, आणि ती माप न लावता ओंजळीने बी घाली. तिची सासू हेच करीत आली होती, सासूची सासूही.

यंदाचे पीक मात्र हायब्रीडचे होते. बनाबाईचा धाकटा दीर आकाराम याने ते बी कागलच्या दुकानातून आणले होते, आणि छातीएवढ्या धाटांवर अशी कणसे डोलू लागली होती की ती पाहायला शेजारच्या गावची माणसे येऊन गेली. कृष्णात हा आकारामचाच मुलगा. कोल्हापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारा, सुट्टीला आलेला.

"का बांधू नगं? माज्या डोळ्यांत फूल पडलंय व्हय?"

"डोळ्यांचा दोष न्हाय, काकी. ह्यो जोंधळा संकराचा हाय. आई एका जातीची, बाप दुसरीचा. पैल्या पिढीला दोगांचा जोर येतोय. पन हेच्या पोटचं बी पेरलं, की आत दडलेलं गुण सुटं व्हत्यात. कुटं उंच धाट, कुटं बुटकं, कुटं वांझ."

बनाबाईला हसू आले. "तुजा बा ताडावानी, आय ठेंगनी. तू मदल्या मापाचा निगालास. मग तुजी पोरं काय वांझ निगनार?"

"वांझ कशाला? पन सगळी माज्यागत बी निगनार न्हाईत."

"मग चांगली तेवडी निवडायची. तेच की करतीया मी."

"तुमी कणीस निवडताय. आतलं कसं निवडनार?"

आकारामने पोराला मध्येच तोडले. "दुकानदार बी हेच म्हनत हुता, दरसाल नवी पिशवी न्या म्हनून. त्यो म्हननारच की! त्येला इकायची हाय. तू कुनाचा रं, घरचा का दुकानाचा?"

 दोरे बांधले गेले.

बनाबाईचे चुकले कुठे, हे नीट सांगितले पाहिजे. कारण पुढे गावाने तिला अडाणी ठरवले, आणि तो न्याय नव्हता. उत्तम कणसाचे बी उत्तमच निपजते, हे तिने गावठी जोंधळ्यात जन्मभर पाहिले होते, आणि त्या जोंधळ्यापुरते ते खरेही होते. नियम तोच राहिला. ज्याला तो लावायचा ते पीक बदलले होते, आणि झालेला बदल दाण्याच्या आत होता, जिथे कोणाचीच नजर पोहोचत नाही.

त्याच वर्षी गावठी जोंधळ्याची कणगी रिकामी झाली. हायब्रीडची भाकरी थापताना चिरे, खाताना घशात अडे. म्हणून आकारामने जुने बीच थोडे थोडे करून गिरणीला धाडले. त्याला अडवावे असे बनाबाईच्याही मनात आले नाही. पुढच्या पेरणीला दारात सूप घेऊन आलेला जो तो म्हणत होता, "हायबरीडच घाला, बनाक्का."

त्या दोऱ्याच्या बियाचे पीक गुडघ्याएवढे होईतो एकसारखे, काळेशार होते. बैलांचा सण, बेंदूर, सरला आणि रानाची चर्या पालटू लागली. एखादे धाट शेजारच्यांना मागे टाकून माणसाच्या डोक्यावर निघाले; एखादे गुडघ्यातच बसले ते उठले नाही. फुलोऱ्यात कित्येक कणसांवर परागांची पिवळी धूळ दिसेना; ती वांझच राहिली. मग परतीचा पाऊस येऊन माळावर ठाण मांडून बसला. जी थोडी कणसे भरली होती, ती काळवंडली आणि हात लावताच बोटांना बुरशी लागू लागली. राखणीला गोफणी घेऊन बसलेली माणसे माचणीवरून खाली उतरली, कारण पाखरेच येत नव्हती. आणि हे एका रानात नव्हते. ज्या ज्या सुपात बनाबाईची ओंजळ पडली होती, त्या त्या बांधाच्या आत हेच उभे होते.

शेजारचा गुंडू तिला वाटेत आडवा आला. "बनाक्का, माज्या रानात जत्रा भरलीया बगा. उंच हाईत, ठेंगनी हाईत, काळी हाईत. पर एका घरची दोगं म्हनून सापडायची न्हाईत!"

तो हसला. भोवतालचे कोणी हसले नाही.

दसऱ्याला कृष्णात आला. रान पाहून तो बांधावर बसला आणि एक काळे कणीस बोटांत चुरत राहिला.

"बोल की. सांगितलंतं म्हन."

"बोलून काय उगवनार हाय? गावठी बी काडा, काकी. ते तुमच्या हातानं निवडून राखता येतंय. हाय न्हवं?"

बनाबाई तशीच घरात गेली. सूप घेतले आणि ती गावात निघाली. त्या घरची बाई बी मागायला दुसऱ्याच्या दारात कधी गेली नव्हती. गुंडूकडे नव्हते. त्याच्या पलीकडे नव्हते. शेवटी ती गल्लीच्या टोकाला धोंडुबाईच्या सोप्यात आली. ही म्हातारी फुटकी वाटीसुद्धा टाकून देत नसे.

"धोंडूआत्ती, गावठी जोंधळ्याचं बी द्या वाईच. एक ओळ पेरीन, वाडवीन."

म्हातारी रिकाम्या सुपाकडे बघत राहिली. "चेष्टा करतीस व्हय गं?"

"न्हाय, आत्ती."

"अगं, आमी कशाला ठेवू? कुनीच ठेवलं न्हाय. तुजं घर हाय म्हनून तर आमी दाना न दाना बिनघोर खात आलो!"

बनाबाई परतली तेव्हा आकाराम अंगणात सायकल काढीत होता. नव्या बियासाठी दुकानात आधीच सांगून ठेवायला तो कागलला निघाला होता.

"दरसाल जायाचं का आता?"

"दरसाल, वैनी."

"आन एकाद्या साली त्यो दुकानदार न्हाय म्हनला तर, भावजी?"

आकारामने सायकलची साखळी नीट बसली आहे का हे पाहायला मान खाली घातली.