जेट्टीच्या टोकाचं पाणी

"हे तुझ्या बाबांनी आणलेलं पाणी ना?" मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच विचारलं.

तिने "हो" म्हटलं, पण प्रश्न टोचला. बाबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. समुद्रकाठच्या या प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर पाणी भरलं आणि पुढे तीही तिथेच तंत्रज्ञ म्हणून लागली. गेलेल्या माणसाच्या माथी काहीही मारावं, तो थोडाच उठून भांडायला येतो, असं तिच्या मनात आलं.

प्रयोग सी अर्चिनच्या भ्रूणांवरचा होता. सी अर्चिन म्हणजे समुद्रतळाशी राहणारा काट्यांचा चेंडू. त्याचे भ्रूण एका डिशमध्ये स्वच्छ समुद्रपाण्यात वाढवायचे, दुसऱ्या डिशमध्ये शैवालातून निघणारं विष किंचित मिसळायचं आणि कोणती जनुकं जागी होतात ते पाहायचं. विष थोडं असलं तर वरून काही कळत नाही. भ्रूण छान गोल, पारदर्शक, गिरक्या घेत असतात. आत मात्र संकटाच्या वेळी जागी होणारी जनुकं कामाला लागलेली असतात. या खेपेला तीच जनुकं स्वच्छ पाण्यातल्या भ्रूणांमध्येही जागी सापडली होती. आता तुलना करायची कशाशी? अख्खा हंगाम पाण्यात गेला होता, आणि अहवालात त्याचं कारण लिहावं लागणार होतं. मॅडमच्या तोंडून 'निष्काळजीपणा' हा शब्द तिने दोनदा ऐकला होता.

तिचा संशय कुलपावर होता. कुलूप म्हणजे नवा संशोधक. आपला ड्रॉवर, आपलं कपाट, जमलं तर चहाचा कपसुद्धा कुलपात ठेवील असा. तिने फ्रीझरमधले जुने नमुने काढून तपासले. हंगामाच्या सुरुवातीचे शांत होते आणि तो रुजू झाला त्या सुमारापासूनचे बिघडलेले. मग ती त्याच्या हातांवर नजर ठेवू लागली. एकच ड्रॉपर दोन्ही डिशांमध्ये बुडवतो की काय?

शेवटी तोच हसून म्हणाला, "ताई, खुशाल पाळत ठेवा. पण मी रजेवर होतो तेव्हा विषाची बाटली माझ्याच कपाटात बंद होती. त्या दिवसांतल्या डिशा बघा की."

तिने बघितल्या. त्याही बिघडलेल्याच होत्या. तो खरा ठरला याचाच तिला जास्त राग आला.

आता पाणीच उरलं. पण बाबांची रीत ठरलेली होती. किनाऱ्याच्या पायऱ्यांपाशी शैवाल माजतं, म्हणून थेट जेट्टीच्या टोकापर्यंत जायचं, दोराने बादली सोडायची, पहिली बादली समुद्राला परत द्यायची, दुसरी घ्यायची. "पायऱ्यांवरचं पाणी म्हणजे शेवाळाचा काढा," असं ते म्हणायचे. असा माणूस चुकेल कसा?

संध्याकाळी आई बाबांचे कपडे कुणाला तरी देण्यासाठी घड्या घालत बसली होती. बाबा शेवटी पाणी कुठून भरायचे, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. आईने आधी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"कशाला हवंय तुला?"

"सांग ना."

आईने एक पँट उलगडली. गुडघ्याच्या खाली फिकट हिरवी रेघ होती.

"घासून घासून हात गेले माझे, जात नाही. शेवटी शेवटी रोज भिजून यायचे. विचारलं तर म्हणे लाट आली. टोकावरून दोराने पाणी काढणारा माणूस गुडघ्यापर्यंत भिजतो होय गं? मला काय खुळी समजले होते?" आईने पँटची पुन्हा नीट घडी घातली. "दम लागायचा त्यांना. तुला सांगू नको म्हणाले. पोरीच्या ऑफिसात माझी कीव नको."

तिला फ्रीझरमधले नमुने आठवले. बाबा तेव्हा दिसायला ठणठणीत होते. रोज दारात तिच्या आधी चपला घालून उभे असायचे.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून मॅडमसमोर उभी राहिली.

"बाबांनी पाणी पायऱ्यांवरून भरलं. टोकापर्यंत चालवत नव्हतं त्यांना."

मॅडमनी अहवालाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "पाणी गाळायचं यंत्र बिघडलं होतं असंही लिहिता येईल."

"नको. पाणी पायऱ्यांवरचं होतं, एवढंच लिहा."

दारामागच्या खुंटीवर बाबांचा दोर नीट वेटोळं करून टांगलेला होता. तो आणि बादली घेऊन ती निघाली. जेट्टीच्या अर्ध्या वाटेवर बोटी बांधायचा जुना लोखंडी खुंट होता. तिथे आता बोटी लागत नसत. खुंट सगळा गंजलेला होता, फक्त वरचा भाग, माणूस बसेल तेवढा, घासून गुळगुळीत झाला होता.

म्हणजे इथवर ते रोज येत होते, आणि इथूनच मागे फिरत होते.

ती टोकापर्यंत गेली. पहिली बादली समुद्रात परत ओतली, दुसरी भरून घेतली. येताना खुंटापाशी बादली खाली ठेवून तिने हात बदलला. बसली मात्र नाही.