रंगाखाली अडलेला उजेड

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण मला बिचारी म्हणाल तर हॉर्न वाजवून कान किटवीन. माझे दिवे गोल, नाक लांब, आणि पत्रा एवढा जाड की आजकालच्या गाड्यांनी माझ्याशी टक्कर घेण्याआधी घरी विचारून यावं.

मी जन्मले दूरच्या कारखान्यात, पण वाढले कारंजा गावात. तिथल्या एका डॉक्टरांनी मला आणलं. त्यांच्यासोबत मी चिखलातून, फुफाट्यातून खेडी पालथी घातली. कळा देणाऱ्या बाया माझ्या मागच्या सीटवर दात-ओठ खात बसायच्या, आणि मी खड्डे चुकवत दवाखान्याकडे पळायचे. डॉक्टर गेले आणि माझी रवानगी कडब्याशेजारी झाली. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. त्यांचा मला राग नाही; त्या निदान माझा उपयोग तरी करत होत्या. राग आहे तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. "काय शान होती हिची," असं म्हणायचे आणि माझ्याच टायरवर तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून पुढे जायचे.

मग जवळच्या धनज गावचे जगदेवभाऊ आले. शेतकरी माणूस, हट्टी आणि हौशी. त्यांनी माझं इंजिन उघडून घेतलं, गाद्या शिवून घेतल्या. रंगाचं काम मात्र कुणावर सोपवलं नाही. बैलजोडी होती तेव्हा पोळ्याला तिची शिंगं ते स्वतः रंगवत. जोडीच्या जागी ट्रॅक्टर आला, पण हाताची ती खाज गेली नव्हती. ती सगळी माझ्यावर भागली. दरवाजे रंगवले, दिव्यांची घरं रंगवली, पट्ट्या, बोल्ट, चकत्या, दिवे जिथं टेकतात ती जागासुद्धा. एका थरावर दुसरा थर. कुठं तीळभर लोखंड उघडं राहू द्यायचं नाही, हा त्यांचा पण.

त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, एकदा म्हणून पाहिलं, "नवरीले इतकी हळद नाही लावत कोणी."

जगदेवभाऊ ब्रश बुडवत राहिले.

मित्रांनो, पहिल्या फेरीला मी कारंज्याला गेले तेव्हा लोक दुकानांतून बाहेर आले. मी फुगले होते, खोटं कशाला सांगू! परतताना दिवेलागण झाली आणि माझी अब्रू गेली. जगदेवभाऊंनी डावा इंडिकेटर लावला, तर त्या बाजूचा मोठा दिवाही त्याच्यासोबत मिचमिच करू लागला. ब्रेक दाबला, तर मागचे लाल दिवे पेटायच्या ऐवजी पार विझले. मागून येणारा टेम्पो करकचून थांबला तो मागच्या सीटवर बसलेल्या विजयमालाबाईंच्या पाठीपासून हातभर अंतरावर.

जगदेवभाऊ उतरून मागं आले. उद्या दिवेलागणीपर्यंत हिचे दिवे ठीक झाले नाहीत तर हिला पुन्हा रस्त्यावर काढणार नाही, असं ते तिथंच बोलून गेले. नवीन नावाचा जवळच्या धाब्याचा मालक जमलेल्या गर्दीत उभा होता. त्यानं लगेच मला मागून घेतलं. धाब्यासमोर सिमेंटचा ओटा बांधतो, वर हिला बसवतो, आत रंगीबेरंगी लाइटच्या माळा सोडतो, लोक येऊन फोटो काढतील, म्हणाला.

"आन् इंजिन?" जगदेवभाऊंनी विचारलं.

"इंजिन काढून टाकू काका. लोकं तं तोंडच पाह्यतात."

माझ्या रेडिएटरमधलं पाणी उकळलं. आणि जगदेवभाऊ काय म्हणाले? ठीक आहे म्हणाले, दिवे नाहीच सुधारले तर उद्या घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाला बाबूसिंग आला. आवाज मोठा, खात्री त्याहून मोठी. बल्ब खराब आहे, म्हणाला. नवा बल्ब लावला, तोही मिणमिणला. मग बॅटरी बसली म्हणाला. ती बदलली. मग स्विच. एकेका सुट्या भागाला शिव्या घालत त्यानं दुपार संपवली. सावल्या लांबल्या, तशी दाराशी नवीनची ट्रॉली येऊन उभी राहिली. तिच्यात मला बांधायचे दोर होते.

तेव्हा कुठं वैतागलेल्या बाबूसिंगनं एक लांब तार घेतली. एक टोक बॅटरीच्या ज्या खुंटीची तार माझ्या पत्र्याला जाते तिला जोडलं, दुसरं रंग खरडून माझ्या डाव्या दिव्याच्या घराला टेकवलं. दिवा असा भडकला की विजयमालाबाईंनी डोळ्यांवर हात घेतला! तार काढली, मिणमिण. लावली, लख्ख. मी आतून ओरडत होते, अरे हेच, हेच!

ही भानगड नीट समजून घ्या, मित्रांनो. वीज बॅटरीतून तारेनं दिव्यापर्यंत येते, पण परत जाते ती माझ्या अंगातून, लोखंडाला लोखंड लागून. जगदेवभाऊंनी तिची परतीची वाट रंगानं लिंपून टाकली होती. मग ती शेजारच्या दिव्यातून घुसून वाट काढायची, आणि एकाच्या पेटण्यानं दुसरा विझायचा.

बाबूसिंगनं पॉलिश पेपर काढला. जगदेवभाऊ माझ्यासमोर आडवे उभे राहिले.

"जगदेवभाऊ, हिले अर्थिंगच भेटून नाही राह्यलं," बाबूसिंग म्हणाला. "सगळ्या दिव्यांखालचा रंग काढा लागते."

"चट्टे पडतीन तिच्या अंगावर."

नवीनला हेच हवं होतं. "काका, कायले खरवडता? माह्या ओट्यावर तिले कोणी बोट लावणार नाही. जलमभर अशीच चमकन."

जगदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रॉलीकडे. त्यांचा पाय ट्रॉलीच्या बाजूनं सरकलेला मी पाहिला. मला तेव्हा आपल्या चमकेची किळस आली.

विजयमालाबाई पुढे झाल्या. "तुमी इतके वर्सं बैल रंगवले. त्याच्या खुराखाली लावला का कधी रंग? त्याले चालाचं राहे." थांबून म्हणाल्या, "काल त्या टेम्पोवाल्याले तुमचा रंग नाही दिसला. मी दिसली, तेबी मेहेरबानी त्याची."

जगदेवभाऊंनी बाबूसिंगच्या हातातून पॉलिश पेपर ओढला आणि स्वतः माझ्या एकेका दिव्याखाली बसत गेले. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! रंगाचा भुगा उडत होता आणि खालून माझं पांढरं लोखंड डोकावत होतं. बोल्ट आवळून होताच त्यांचा हात पुन्हा ब्रशकडे गेला. बाबूसिंगनं मनगटच धरलं आणि उघडं लोखंड गंजू नये म्हणून ग्रीसचा डबा पुढे केला.

मग बटण दाबलं. समोरच्या भिंतीवरची शेणाची एकेक गोवरी दिसू लागली! इंडिकेटर आपला टिकटिकतोय, मोठा दिवा ढिम्म हलत नाही. विजयमालाबाई मागं जाऊन उभ्या राहिल्या. ब्रेक दाबला आणि त्यांचं फिकट लुगडं लालेलाल झालं.

"दिसते," त्या म्हणाल्या. आणि येऊन पुढच्या सीटवर बसल्या.

बाबूसिंगला सोडायला आम्ही कारंज्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत नवीनची रिकामी ट्रॉली दिसली. मी उजवा इंडिकेटर दिला, हॉर्न ठोकला, आणि तिच्या शेजारून अशी निघाले की नवीननंही हसून हात केला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जीव टाकणारे मला खूप भेटले. हार घालतात, रंग फासतात, फोटो काढतात, आणि कामाची वेळ आली की दुसरी गाडी काढतात. असल्या प्रेमाच्या तोंडावर मी धूर सोडते. मला धुवा, पुसा, तेलपाणी करा. पण मला चालवा. आणि माझं लोखंड जिथं लोखंडाला भेटतं, तेवढी जागा उघडी राहू द्या. तिथं मी देखणी दिसत नाही. तिथूनच मी पेटते.