कच्च्या कागदांवर माझा विश्वास नाही

मी फाइल बोलतेय. शनवारा बाजारातल्या एका दुकानातून आलेली, पुठ्ठ्याची, फितीने बांधायची. वैजयंती मॅडम इथल्या कॉलेजात सिनेमा आणि साहित्य लेखनाचा वर्ग घेतात, आणि पोरं लिहितात ते सगळं माझ्या पोटात येतं. चार वर्षांत इतकं खोटं पचवलंय की आता कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

पहिल्या तासाला मॅडम आपल्या अपेक्षा सांगतात. सिनेमा पूर्ण बघा, तुम्हाला दिसलं ते लिहा, आणि लेखासोबत कच्चा खर्डा जोडा. मग पोरांच्या अपेक्षा चिठ्ठीवर लिहून घेतात. बहुतेकांना परीक्षेला येणारे प्रश्न आधी हवे असतात. फोपनार गावच्या पूर्णिमाने लिहिलं होतं, 'माझं लिहिलेलं कुणीतरी शेवटपर्यंत वाचावं.' मला वाटलं, मस्का लावतेय.

खर्ड्यांची गंमत मला ठाऊक आहे. पोरं आधी फेअर करतात, मग त्यावरून बघून कच्चं बनवतात. शब्द लिहायचा, खोडायचा, पुन्हा तोच लिहायचा. अक्षयने तर पट्टी लावून खोडलं होतं.

गेल्या वर्षी मॅडमनी दाखवलेल्या सिनेमात केळीच्या बागेतून आलेली आई लेकीच्या खांद्यावर हात ठेवते. सगळ्यांनी आईच्या मायेवर दोन-दोन पानं भरली. पूर्णिमाने लिहिलं, ही आई खोटी आहे. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही, म्हणून खरी आई आधी हात मागे घेते.

लेख असा, आणि खर्डा मात्र स्वच्छ. एक खाडाखोड नाही. मी मनात म्हटलं, सापडली.

"कुठून उतरवलंस?" मॅडमनी विचारलं. "खरं सांग, नाहीतर शून्य देईन. सेमिस्टर जाईल तुझं."

"माझंच आहे, मॅडम."

"असा खर्डा कुणाचा असतो?"

"असली खर्डा गंदा होता, मॅडम. मी आन् आई घड उतरवत होतो, बीच बीच में लिहीत होते. त्याला सगळा चीक लागेल होता. तुमच्यासमोर तसा कसा ठेवू? म्हणून साफ उतरवून आणला."

"उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो खर्डा आला. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरची मागची बाजू, तिच्यावर काळपट डाग, आणि त्या आईबद्दलची ओळ सात वेळा खोडलेली. मॅडमनी उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचला. "चुकले मी," त्या म्हणाल्या. पूर्णिमाला रडू आवरेना. मलाही लाज वाटली, कारण मी तर पहिल्या चिठ्ठीपासून तिच्यावर संशय घेत होते.

ही गोष्ट कॉलेजभर झाली. यंदा माझ्यात एकवीस खर्डे आले, एकवीसच्या एकवीस चहात बुडवलेले. माझा पुठ्ठा फुगलाय, गाठ बसत नाही, मुंग्या लागल्यात. मॅडम एकेक कागद नाकाशी नेतात आणि बाजूला ठेवतात. हल्ली त्या शेवटपर्यंत वाचतही नाहीत.

म्हणून विनवते, पोरांनो, तो चहा पिऊन टाका. तुमच्यातली एखादी खरंच काही लिहून आणेल, आणि आम्ही दोघी तिलाही चोर समजू.