डावा गाल काय म्हणतो

त्या सीरमचा एक थेंब मी पहिल्यांदा गालाला चोळला, तेव्हा अशी उडी मारली की थेट कपाटावर जाऊन बसले. खाली उतरवायला शेजारची दोन माणसं बोलवावी लागली. हे हेरिमला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तुझे गुडघे." एवढंच. हसली नाही.

हेरिम माझ्या लेकाची लेक. ती बाटली तिच्या कंपनीतली. आत पाण्यासारखा रस आणि रसात सुया, पण इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. समुद्रातल्या स्पंजाच्या असतात म्हणे. बोटानं चोळलं की त्या कातडीत शिरतात, त्यांच्या मागनं औषध शिरतं आणि मुरुमं बसतात. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना सुद्धा टोचत राहतं. मी टोंगयाँगच्या बेटावरची, स्पंजाशी माझी जुनी ओळख. एकदा एका स्पंजानं माझा पाय धरला होता, लग्नाला हो म्हणेपर्यंत सोडला नाही. ते राहू दे.

तर हे सगळ्यांना टोचणारं सीरम हेरिम गालाला चोळायची आणि म्हणायची, "काही वाटत नाही."

पोरगी सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसत होती. नोर्यांगजिनच्या क्लासांच्या गल्लीत, हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील अशा खोलीत राहून, कागदी वाटीतला भात खाऊन, वर्षानुवर्षं. त्या सगळ्या वर्षांत मी घरात शेवाळाचं सूप केलं नाही. बुळबुळीत खाल्लं की परीक्षेत घसरतं ना. वाढदिवसाला ते करायचंच असतं, तरी माझ्या वाढदिवसाला सुद्धा केलं नाही. तरी दर वेळी घसरलीच. शेवटच्या निकालानंतर बॅग घेऊन माझ्याकडे बुचॉनला आली. चेहरा मुरुमांनी भरलेला. गादी अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. उलसानहून तिच्या बापाचा फोन यायचा, मी तो तिच्या कानाला लावायची, ती 'हो बाबा' म्हणायची आणि पुन्हा भिंत. मी तिला आजोबांची गोष्ट सांगून बघितली. ऑक्टोपसशी पत्ते खेळून होडी हरले होते ती. आता ज्याला आठ हात आहेत, त्याच्याशी पैज लावून बसल्यावर दुसरं काय होणार. लहान असताना हे ऐकून गडाबडा लोळायची. आता म्हणाली, "हं."

नोकरी तिला मुरुमांनीच मिळवून दिली. भाजीच्या दुकानातल्या बाईनं मला सांगितलं, की सोंगसूला एक लहान कंपनी आहे, तोंडाला लावायच्या गोष्टी बनवते, त्यांना मुरुमाळ चेहऱ्याच्या पोरी हव्यात. रोज सीरम लावायचं आणि कसं वाटतं ते सांगायचं. मी हेरिमचा हात धरून तिला मेट्रोत बसवलं. वाटलं होतं नाही म्हणेल. ती हो पण म्हणाली नाही, नुसती आली.

काम उन्हाळ्यापुरतं होतं. चुसोकच्या सणानंतर एकीला कायम ठेवणार होते. पगाराचं मला काही नव्हतं. पण पोरगी सकाळी उठायला लागली होती. केस धूत होती, बूट घालून जिना उतरत होती. ती नोकरी गेली तर ती पुन्हा भिंतीकडे वळणार, हे मला दिसत होतं. आणि ह्या वेळी तिला तिथून कशी ओढून काढू, ते मला माहीत नव्हतं.

तिथं सकाळी सगळ्या पोरी आरशापुढे ओळीनं बसायच्या. उजव्या गालाला साधं पाणी, डाव्याला सीरम. मग टीमच्या प्रमुख प्यो मॅडम एकेकीपुढे येऊन विचारायच्या, डावा गाल काय म्हणतो. हेरिमच्या शेजारी मिरान नावाची पोरगी बसायची, ती म्हणे असं विव्हळायची की शेजारच्या ऑफिसातले लोक डोकावून जायचे. मॅडम खूश व्हायच्या. हेरिमची पाळी आली की, काही नाही. काही दिवस ऐकून घेतलं मॅडमनी. मग म्हणाल्या, की इतक्या मुरुमांच्या कातडीला काही वाटतच नसेल तर मी काय समजायचं? असं असेल तर दुसरी मुलगी बघावी लागेल.

हे मला हेरिमनं बांगड्याचे काटे काढता काढता सांगितलं. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"खरंच काही वाटत नाही?"

"नाही."

मी तिच्या दंडाला चिमटा काढला, चांगला पिरगाळून. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि परत बांगड्याकडे.

"बरं," मी म्हटलं. "वाटायची गरज नाही. शब्द मी देते, तू फक्त तोंड हलव."

मग मी तिला शिकवलं. नुसतं टोचतं म्हणायचं नाही, टोचतं तर मिरानलाही. पहिल्या, सौम्य बाटलीला म्हणायचं चुणचुणतं, ऊन खाल्लेल्या वाळूवर गाल टेकल्यासारखं. मधल्या बाटलीला म्हणायचं बोचतं, दाढी न केलेल्या नवऱ्यानं गाल घासल्यासारखं.

"मला नवरा कुठंय?"

"तुला नाही, पण ऐकणाऱ्यांना असेल ना."

सगळ्यात कडक बाटली अजून बाहेर काढली नव्हती, पण तिचंही शिकवून ठेवलं. झोंबतं म्हण. किमची कालवताना तिखटाच्या हातानं विसरून डोळा चोळला की होतं तसं. आधी झोंबतं, मग थंड होतं. थंड होतं हे विसरू नकोस, मी बजावलं. दुखलेलं लोकांना चालतं, शेवटी थंड व्हायला हवं. तिनं सगळं पाठ करून म्हणून दाखवलं. पाठांतराची सवय होतीच.

नवऱ्याच्या दाढीनं काम केलं. सगळ्या पोरी हसल्या, मॅडमनी हेरिमला आपल्या जवळच्या खुर्चीवर बसवलं. मग मी रोज संध्याकाळी नवीन काहीतरी तयार ठेवायची. कोऱ्या लोकरीचा मफलर. सासूची नजर. जिवंत कोळंबी गालावरून चालत चालली आहे. कोळंबीला तर प्यो मॅडम उठून उभ्याच राहिल्या, म्हणाल्या, हे आपण डब्यावर छापू. मी भाजीच्या दुकानात सांगून आले, की आता अख्खा कोरिया माझी कोळंबी तोंडाला लावणार.

मिरान तिला चिडवायची, "ताई, तुमच्या गालाला कविता होतात." मॅडम म्हणायच्या, हिला सोडायचं नाही. हेरिम हे घरी येऊन सांगायची, चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, आनंद झाला का गं? म्हणाली, "झाला असेल."

मग कडक बाटली आली. त्या सकाळी मिराननं गालाला लावलं आणि लगेच नळाकडे पळाली. दुसरीच्या डोळ्यांतून पाणी. हेरिम मात्र आरशापुढे बसून म्हणाली, आधी झोंबतं, मग थंड होतं. मॅडम बाकीच्यांना म्हणाल्या, तुम्ही नाजूक आहात, सगळ्यात जास्त मुरुमं हिला, आणि हिला थंड वाटतंय. मग धरायचं कुणाचं? पुढचे काही दिवस ती एकटीच ते लावत राहिली. ती बाटली मुरुमांच्या चेहऱ्यांसाठी बाजारात आणायची, असं ठरत आलं.

एका संध्याकाळी ती मास्क लावून घरी आली. जेवायला म्हणून तो काढला. डावा गाल सोललेल्या पीचसारखा झाला होता. लाल आणि ओला. मास्कचे धागे त्याला चिकटले होते.

"कधीपासून आहे हे?"

"माहीत नाही. मास्क ओला लागला म्हणून बघितलं."

मी एक धागा धरून हळूच ओढला. धाग्याबरोबर कातडी आली. हेरिम काकडीच्या फोडी उचलत राहिली. उरलेले धागे मी तसेच राहू दिले.

तरी मी लगेच दुसरं रचलं. म्हटलं, उद्यापासून उजव्या गालाला लाव आणि हा झाकून ठेव, आरशात डावं-उजवं कोण बघत बसतंय. सणापर्यंत कळ काढ. कायम झालीस की मग बघू.

तिनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"आजी, मॅडम उद्या ठरवणार आहेत. बाटली बाजारात काढायची की नाही ते."

"ठरवू देत."

"माझ्या बोलण्यावर ठरवणार. मग ती बाटली कुणीतरी घेईल. कुठल्यातरी खोलीत अभ्यास करणारी, माझ्यासारखा चेहरा असलेली. तिला हे दुखेल. ती डबा बघेल, डब्यावर लिहिलेलं असेल थंड होतं. तिला वाटेल आपल्यातच काहीतरी चुकतंय. आणि ती अजून लावेल."

माझ्याकडे आल्यापासून ती इतकं एका दमात बोलली नव्हती. आवाज तोच, सपाट.

"आणि तुझी नोकरी?"

"जाईल."

"मग?"

ती उठून भांडी घासायला लागली. भिंत कुठे आहे हे तिलाही माहीत होतं.

सकाळी मी तिच्याबरोबर गेले. कुणी अडवलं नाही, म्हातारीला कोण अडवतंय. प्यो मॅडम तिच्यापुढे आल्या आणि रोजच्यासारखं विचारलं. हेरिमनं मास्क काढला.

"माझा गाल काही म्हणत नाही," ती म्हणाली. "कधीच म्हणाला नाही. ते सगळं माझी आजी म्हणायची."

मॅडमनी आधी गाल बघितला, मग मला बघितलं. मेट्रोत एक गांधीलमाशी शिरली आणि हिच्या गालाला डसली, अशी गोष्ट मी वाटेत जुळवून आणली होती. ओठांवर आली सुद्धा. ती गिळली आणि कंबर जितकी वाकते तितकी वाकले.

"कोळंबी माझी," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. मिरान रडायला लागली. मॅडमनी टेबलावरची कडक बाटली उचलली, तिचं झाकण घट्ट लावलं आणि खिशात टाकली. म्हणाल्या, ही आता बाहेर जाणार नाही, सगळं पहिल्यापासून तपासू. गालाच्या डॉक्टरचा खर्च कंपनी बघेल. आणि हेरिमला उद्यापासून यायचं नाही, ज्याला गालावर काही वाटतं असंच माणूस इथं चालतं. रागावून नाही बोलल्या. लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. दार उघडलं तेव्हा त्यांनी हळू आवाजात तिला विचारलं, की हे असं कधीपासून आहे?

पत्ता विचारल्यावर आठवावा तसा हेरिमनं विचार केला. "निकालापासून. की त्याच्या आधीपासून. लक्षात नाही."

तिथून मेट्रोनं थेट डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरनं गालावर पट्टी चिकटवली. घरी येऊन तिनं गादी अंथरली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीशी माझी गादी घातली. सांगायला काही नव्हतं, म्हणून काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला उठवलं नाही. उठून जायचं कुठे? जाग आली होती, पण मी डोळे मिटूनच पडून राहिले, बघायचं नव्हतं मला. मग नळाचा आवाज आला. नंतर तेल तापल्याचा वास.

उठून स्वयंपाकघरात गेले. केस मोकळे, गालावर पट्टी, पायांत माझ्याच जाड सपाता. कालचा उरलेला भात तिनं किमची घालून तव्यात परतला होता आणि वरून अंडं फोडत होती. एकटीपुरतंच होतं.

"आज तर सुट्टी," मी म्हटलं. "उठलीस कशाला?"

"भूक लागली."

मी तिथंच दाराशी उभी राहिले. अंडं कडेनं करपलं. तिनं तवा खाली उतरवला, ताटात काढायचे कष्ट घेतले नाहीत, ओट्याशी उभ्यानंच तव्यातून खायला लागली. दोन-चार घास पोटात गेल्यावर माझ्याकडे बघितलं, खणातून आणखी एक चमचा काढला आणि तव्यात माझ्या बाजूला ठेवला.