नामदेवाची जीभ आणि आत्मारामाचा पारा

मत्सर मनुष्याचे अंतःकरण कसे पोखरतो, याचे बोईसरच्या एका बर्फाच्या कारखान्यात घडलेले उदाहरण मी आता वाचकांसमोर सविनय सादर करीत आहे.

त्या कारखान्यात जमिनीत बांधलेली एक विस्तीर्ण टाकी होती. तीतील अतिथंड मिठाच्या पाण्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून बर्फाच्या लाद्या होत. मीठ उणे पडले की टाकीतलेच पाणी थंडीच्या नळ्यांभोवती गोठे आणि लाद्या कच्च्या निघत. म्हणून नामदेव मिस्त्री रोज सकाळी बोट बुडवून ते पाणी चाखी. चिंचणीचे नाखवे मासळीसाठी बर्फ भरण्यापूर्वी विचारीत, "नामदेवानं चाखलं काय?" या एका प्रश्नावर नामदेव जगत असे.

सन १९८४ साली शेठजींनी पालघरचा आत्माराम नामक तरुण कामास ठेवला. तो टाकीचे पाणी काचेच्या नळीत घेई, मीठ मिसळलेल्या बर्फाच्या चुऱ्यात ती नळी उभी करी आणि तापमापीने ढवळीत ढवळीत तिचा पारा उतरताना पाही. पाणी गोठू लागले की पारा थांबे. जितका खाली जाऊन थांबे, तितके मीठ अधिक. उणे दहा अंशांवर थांबला की टाकी ठीक. हळूहळू नाखवे आत्मारामाचा पारा काय बोलतो, हेच विचारू लागले. ते शब्द नामदेवाला जखमेवर खारे पाणी पडावे तसे झोंबत.

एके दिवशी आत्माराम चहाला गेला असता नामदेवाने त्याच्या भरलेल्या नळीतले निम्मे पाणी सांडून तितकेच गोडे पाणी ओतले. पारा उणे तीनवरच अडला. आत्मारामाने घाबरून शेठजींना बोलाविले. याच क्षणाची वाट पाहणारा नामदेव सर्वांदेखत टाकीचे पाणी चाखता झाला.

"मीठ भरपूर हाय, शेठ. दुसरी नळी मी भरतो. काचेला काय जीभ असते?"

नाखवे हसले. नामदेवाने स्वहस्ते नळी भरली. पारा उतरत उतरत उणे सहावर थांबला, तो हलेना. टाकीवरच्या फळ्या उचलून पाहतात तो थंडीच्या नळ्यांवर बर्फाची जाड साल चढलेली! गोड्या पाण्याचा नळ कधीपासून टाकीत गळत होता.

पहिली नळी खोटी होती हे एकटा नामदेव जाणत होता. आणि दुसरी खरी होती हेही त्याच्याइतके कोणी जाणत नव्हते. मिठाच्या गोणी ओतून झाल्यावर आत्माराम आदराने म्हणाला, "मामा, तुमी चाखा. मंग मी पारा लावतो."

नामदेवाने चाखले. मघाचे पाणी आणि आताचे पाणी, त्याला काहीच भेद कळेना. त्या पोराच्या हातातल्या नळीकडे त्याने जळत्या डोळ्यांनी पाहिले.

"आधी तू लाव," तो म्हणाला.

आपण येथवर वाचलेत, याबद्दल आपला अत्यंत ऋणी,
जानू पांडुरंग तामोरे, माकुणसार