दसऱ्याचा निळा ड्रम

भूपेंद्रनं फवाऱ्याच्या बंदुकीचा चाप दाबला आणि ड्रमच्या तळाशी बसलेली मेसची शिळी आमटी, भाताच्या शितांसकट, उलटून त्याच्या तोंडावर आली. डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून त्यानं चाचपडत पंप बंद केला. ओसरीत दसऱ्यासाठी पितळी भांडी घासत बसलेल्या गुंजननं मान वर केली, नवऱ्याला एकवार आपादमस्तक न्याहाळलं आणि पदराचं टोक दातांत धरलं.

"आतमध्ये मारलेलं पाणी बाहेर येणारच नं," ती म्हणाली. "डरम उलटा करा, खालून मारा. वर आलेलं खाली पडते."

भूपेंद्रनं आधी बाहीनं ओठ पुसले. तोंड उघडण्यासारखी परिस्थिती नव्हती.

दसरा तोंडावर आला होता आणि दसऱ्याच्याच दिवशी ओमप्रकाश शेठ हा ड्रम पाहायला येणार होता. सावंगी हे एकेकाळी कापसा-संत्र्याचं गाव. मग मेडिकल कॉलेज आलं, दवाखाना आला, होस्टेलं आली, आणि ज्यांच्या बांधावर बोरी होत्या त्यांच्या बांधावर मेस उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्या ओमप्रकाशच्या. प्रत्येक मेसच्या मागच्या दाराशी खरकट्याचा एक ड्रम. तो रोज रिकामा व्हायचा, पण धुतला कधीच जायचा नाही. ओमप्रकाशचं दुखणं असं होतं, की होस्टेलच्या पोरींच्या आया भेटायला आल्या की मेसचं पुढचं दार कोणी बघायचं नाही, सगळ्या नेमक्या मागच्या दारानं यायच्या. आणि पोरगी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मेसला जायची.

भूपेंद्रला इथेच धंदा दिसला. त्याला धंदे दिसायचे लवकर, सुरू व्हायचे उशिरा. घरोघरी मोबाइल आल्यावर त्यानं एसटीडी बूथ टाकला. संत्र्याच्या ज्यूसची हातगाडी काढली ती ऐन आषाढात. पण खरकट्याचे ड्रम धुवायला कोणताही हंगाम लागत नाही, आणि हा धंदा आपल्या आधी जिल्ह्यात कोणी केला नाही, हे दोन मुद्दे त्यानं गावभर सांगितले होते. दुसऱ्या मुद्द्यावर गावानं फक्त मान डोलावली.

ओमप्रकाशनं त्याला मेसांमधला सर्वांत भयंकर ड्रम निवडून दिला होता. हा साफ झाला तर साऱ्या मेसांचे ड्रम तुझे, नाही झाला तर पुन्हा विषय काढायचा नाही. मूळ रंग कोणता असेल यावर शेठच्याच आचाऱ्यांचं एकमत नव्हतं. ओळख एकच. कोणीतरी जळती कढई काठावर टेकवली होती, तिथं प्लास्टिक वितळून अर्धगोल खाच पडली होती.

यंत्र निवडायला भूपेंद्र आधी नागपूरला गेला. तिथं ट्रक धुवायचं विजेवरचं मशीन पाहून तो खुळावलाच. विक्रेत्यानं त्याच्या देखत चिखलानं माखलेलं चाक पांढरं करून दाखवलं. मशीनवर हात फिरवताना भूपेंद्रला एकाएकी आठवलं, की आपल्या सावंगीत दिवसाचा बराच भाग लाइट नसते, आणि असते तेव्हा तिच्यानं पंखासुद्धा नीट फिरत नाही. त्यानं नुसती बंदूक आणि जाड नळी विकत घेतली आणि बसमध्ये मांडीवर घेऊन परत आला.

उरलेलं यंत्र घरातच होतं. वडिलांचा, तानबाजींचा, पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप. संत्र्याची बाग होती तोवर तानबाजी हा पंप पाठच्या भावासारखा सांभाळत. बाग गेली, मग तानबाजी गेले, पंप गोठ्यात टिनाखाली राहिला. भूपेंद्रनं तो ज्यूसच्या हातगाडीवर बसवला, शेजारी पाण्याची टाकी बांधली, फवाऱ्याचं तोंड बदलून पाहिलं. पहिल्या तोंडातून असं मऊ धुकं निघालं की खरकट्यावर अत्तर शिंपडल्यासारखं झालं. दुसऱ्या तोंडाचा पराक्रम आत्ताच त्याच्या चेहऱ्यावर होता. गाडीवरची पाटी पुसायची राहून गेली होती. रसरशीत संत्रं आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'गुंजन ज्यूस सेंटर'. ती पाटी पुसल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही, असं गुंजननं बजावलं होतं.

पण खरी अडचण पाटीची नव्हती, त्याच्या आईची, प्रमिलाबाईंची होती. या घरात कोणतंही हत्यार, औजार, यंत्र त्यांच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय सुरू होत नसे. तिफण असो, खुरपं असो की भूपेंद्रची जुनी लुना. पाच बोटं कुंकवात बुडवून त्या ठसा उमटवत, मगच ते घरचं होई. तानबाजींच्या पंपाला तर त्या दर दसऱ्याला न चुकता कुंकू लावत आल्या होत्या, पंप बंद पडून होता तेव्हासुद्धा. यंदा मात्र त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"त्यायनं तो पंप संत्र्यासाठी घेतलता. पानाफुलावर चालाचा. तू त्याले खरकट्यात घातलं."

"आई, तुह्या हाताबिगर या घरात काई सुरू झालं नाई."

"म्हणूनच नाई लावत."

एवढ्यावरच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण पंप हातगाडीवर चढल्यापासून भूपेंद्रनं अंगणातल्या दगडावर आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही, आणि आंघोळ केली तरी पिण्याच्या माठाला हात लावायचा नाही, असा नियम निघाला. पाणी हवं असलं की गुंजननं काढून द्यायचं. भूपेंद्र हसण्यावारी न्यायचा, पण तहान लागली की ते त्याला फार लागायचं. स्वतःच्या घरात पाणी मागून प्यायची वेळ आली होती, आणि तीही आईमुळे.

प्रमिलाबाईंशी वाद घालण्यात अर्थही नव्हता. त्यांच्या नाकाची ख्याती पंचक्रोशीत होती. दूध उद्या नासणार हे त्यांना आज संध्याकाळी कळे. लोण्याच्या वासावरून गाय सरकी खाते की ढेप, हे त्या सांगत, आणि बायका खात्री करायला म्हणून वाट्या घेऊन येत. असं नाक असलेल्या बाईच्या अंगणात मेसचा ड्रम आणून ठेवणं म्हणजे घराला आग लावून घागर शोधण्यासारखंच होतं. त्या नाकाला पदर लावून ओसरीच्या कोपऱ्यात बसत आणि मुलगा काय करतो ते बघत नाही आहोत, असं दाखवत.

गुंजनचा सल्ला मात्र मोलाचा निघाला. भूपेंद्रनं गावातल्या वेल्डरकडून लोखंडी तिवई करून आणली. तिच्यावर ड्रम पालथा बसे, आणि खालून वाकवलेल्या नळीनं बंदुकीची धार तळापर्यंत जाई. पहिल्यांदा सांडपाणी सरळ तुळशीकडे निघालं. प्रमिलाबाई नुसत्या उठून उभ्या राहिल्या आणि भूपेंद्रनं फावडं घेऊन केळीच्या बनापर्यंत चर खणला. मग कळलं की थंड पाण्यानं तेलाचा थर हलत नाही. आंघोळीच्या बंबातलं कढत पाणी त्यानं गुपचूप टाकीत ओतलं, धुण्याचा सोडा टाकला, पुन्हा धार मारली. मग ब्लिचिंग पावडर, मग परत स्वच्छ पाणी, मग ऊन.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ड्रमचा खरा रंग निघाला. निळा. चांगला आभाळी निळा. भूपेंद्रनं तो कुंपणाच्या भिंतीवर पालथा घातला आणि बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हाती घेतलेलं एक काम शेवटाला गेलं होतं. दाखवावं तर कोणाला, आई तर देवघरात वाती वळत होती.

दसऱ्याच्या सकाळी तो आपट्याची पानं आणि झेंडूची फुलं आणायला बाहेर पडला. त्याच दिवशी नेमके नळ आले, त्यामुळे वाटेत जिकडंतिकडं हंडे, घागरी आणि भांडणं. परत येऊन पाहतो तो भिंतीवर ड्रम नाही. तिवईवर नाही. गोठ्यात नाही. मांजर शोधावी तसं त्यानं हातगाडीखालीही वाकून पाहिलं. शेवटी पाय धुऊन तो घरात गेला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.

ड्रम माठाच्या जागेवर होता. खाली पाट, तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं, गळ्याभोवती आंब्याच्या पानांचं तोरण आणि पोटावर कुंकवाची पाच बोटं. गळ्यापर्यंत पाणी भरलेलं होतं. प्रमिलाबाई शेजारी बसून कणीक मळत होत्या.

"माठ पाझरून राह्यला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "भिंतीवर हा दिसला. नवाच दिसते. भरून घेतला."

भूपेंद्रनं हातातली झेंडूची फुलं तिथंच खाली ठेवली. खरं सांगावं तर सणाच्या दिवशी सगळं पाणी फेकलं जाणार, फडकं जाणार, पाट जाणार, आणि आई या घरात त्याचं तोंड पाहणार नाही. न सांगावं तर ओमप्रकाशला दाखवायचं काय? त्यानं गुंजनकडं पाहिलं. ती पुरणाच्या पातेल्यात इतकं लक्ष घालून बघत होती, की जणू त्यात काही पडलं असावं.

दुपार कलल्यावर ओमप्रकाश शेठ आला. नवं धोतर, कपाळाला टिळा, हातात सोन्याची जुडी. चार पिढ्यांपासून वर्ध्यात राहिलेल्या व्यापारी घराण्यातला माणूस, त्यामुळे गरज पडेल तशी हिंदी आणि गरज पडेल तशी वऱ्हाडी बोलायचा. प्रमिलाबाईंच्या हातावर पान ठेवून तो पाया पडला आणि ऊन कडक आहे म्हणत स्वयंपाकघराच्या दाराशीच टेकला. त्या उठल्या, ड्रमवरचं फडकं बाजूला केलं आणि स्वतः पाण्याचा गिलास भरून त्याच्यासमोर धरला.

ओमप्रकाशनं अर्धा गिलास एका दमात घेतला. पाणी चांगलं आहे, गार आहे, असं तो म्हणाला. मग घोट घेता घेता त्याची नजर ड्रमच्या काठावर गेली. तिथली अर्धगोल खाच त्यानं पाहिली. गिलास ओठाजवळच थांबला. त्यानं भूपेंद्रकडं पाहिलं. भूपेंद्र आईच्या पाठीमागे उभा होता. त्यानं दोन्ही हात जोडले आणि तसेच धरून ठेवले.

ओमप्रकाशच्या चेहऱ्यावर बरंच काही येऊन गेलं. खरकटं येऊन गेलं, पोरींच्या आया येऊन गेल्या. बोलावं की न बोलावं अशा विचारात तो गिलासातल्या पाण्याकडं बघत राहिला.

"प्या," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुमचाच हाये तो."

भूपेंद्रचे जोडलेले हात खाली आले.

"आई, तुले..."

"आंधळी समजतं का मले? तिथं ओसरीत मी काय झोपा घेत होती?" त्या त्याच्याकडं न बघता बोलल्या. "पहाटे डोकं घातलं त्यात. चांगला वास घेतला. मंग भरला. वास आला असता तं तुह्या हातगाडीसकट फाटकाबाहेर टाकला असता."

ओमप्रकाशनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि गिलास खाली ठेवताना, आवाज होऊ नये अशी काळजी घेतली. प्रमिलाबाईंनी देवघरातून पूजेचं ताट उचललं आणि त्या अंगणात गेल्या. बाकीची हत्यारं सकाळीच पुजून झाली होती. विळे, कुऱ्हाड, लुना, सगळ्यांच्या कपाळी कुंकू होतं. हातगाडीवरच्या पंपासमोर त्या जरा थांबल्या. पदरानं पंपावरची धूळ पुसली, पाच बोटं कुंकवात बुडवली आणि पंपाच्या मधोमध ठसा उमटवला. मग झेंडूचं एक फूल बंदुकीच्या नळीत खोचलं. भूपेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

"ओमप्रकाशले आणिक पाणी दे," आत येता येता त्या त्याला म्हणाल्या. "हातानं घे. गुंजनची वाट काऊन पाह्यतं?"

भूपेंद्रनं ड्रममधून गिलास भरला. ओमप्रकाशनं तोही घेतला आणि मग धंद्याचं बोलणं झालं. सगळ्या मेसांचे ड्रम भूपेंद्रनंच धुवायचे, उद्यापासूनच सुरुवात. फक्त एक शंका होती, ती शेठनं आवाज जरा खाली आणून विचारली. हा ड्रम आज घेऊन जाता येईल का, मेसला एक कमी पडतो आहे.

"आज नाई," आतून उत्तर आलं. "दसऱ्याच्या दिवशी भरलेलं भांडं रिकामं करत नाई आमच्या घरी."

"मग उद्या, काकी?"

आत पोळी लाटण्याचा आवाज थांबला, आणि परत सुरू झाला.

"उद्याचं उद्या पाहू. भूपेंद्र, बाकीचे डरम आणशीन तं त्यातला झाकणाचा एक आधी धुजो. तुरीले लागते."